घरच्या टेबलाची बरणी

मिस्त्रींच्या घरातलं जेवणाचं टेबल बावीस वर्षं वाळत होतं.

लाकूड पुरतं वाळल्याशिवाय त्यावर तेल-वार्निशचा हात मारू नये, हा सुतारकामातला नियम खराच आहे. फक्त तो महिन्यांत मोजायचा असतो. मिस्त्रींनी तो संसारात मोजला. टेबल केलं तेव्हा लेक दहा वर्षांची होती. आता तिला चष्मा लागला होता आणि ती दुसऱ्या गावी एका कचेरीत चार माणसांवर ओरडायच्या जागेवर होती. टेबल मात्र होतं तसंच. सहा माणसांचं, एक खिळा नाही, सगळे सांधे लाकडात लाकूड बसवलेले, आणि वर कोरडं, उघडं, बिचारं. मिस्त्रीणबाईंनी पहिल्या महिन्यात विचारलं होतं, की हात कधी मारणार. मिस्त्री म्हणाले, लाकूड अजून वाळतंय. त्या महिन्यात हे खरं होतं. पुढे ते उत्तर तोंडात बसून गेलं. बाईही कोरड्या फडक्याने टेबल पुसत राहिल्या, कारण कच्च्या लाकडाला पाणी चालत नाही, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिल्या, “पेला जपून ठेवा हं, आमचं टेबल अजून लहान आहे.”

गल्लीत मात्र कुणाच्याही घरी जाऊन बघावं. कपाटं, खुर्च्या, पलंग, सगळ्यांवर मिस्त्रींच्या हातची ती मऊ, मधाळ झाक. काचेसारखं चमचम करणारं काम मिस्त्रींना आवडत नसे. त्याला ते ‘न्हाव्याच्या दुकानाचं पॉलिश’ म्हणत. त्यांची झाक लाकडाच्या आतून यायची. लोक विचारत, मिस्त्री, यात घालता तरी काय? मिस्त्री डोळे बारीक करून म्हणत, “ते आमच्या घराण्यातलं आहे.”

घराण्यातलं म्हणजे बायकोचं.

घालायचं काही विशेष नव्हतं. बाजारात मिळणारं उकळलेलं जवसाचं तेल, साधं वार्निश आणि टर्पेंटाइन, तिन्ही सारखी. सगळी करामत त्या ‘सारखी’मध्ये होती, आणि लाकडात सुतभर फरक खपवून न घेणाऱ्या मिस्त्रींना पातळ पदार्थ मोजणं कमीपणाचं वाटे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांनी शाळेच्या हेडमास्तरांची खुर्ची केली आणि मिश्रण डोळ्यांनी मापलं. तेलाला जरा सढळ हात लागला. खुर्ची आठ दिवस वाळली नाही. नवव्या दिवशी हेडमास्तर धीर करून तिच्यावर बसले, आणि नेमके त्याच दिवशी तपासणीला साहेब आले. हेडमास्तर आदराने उठले. खुर्चीही उठली.

त्या संध्याकाळी मिस्त्रीणबाईंनी स्वयंपाकघरातला एक कान तुटलेला कप आणला, तेलाचा डबा आपल्याकडे ओढला आणि म्हणाल्या, “लाकूड तुमचं, बरणी माझी.” ही वाटणी शेवटपर्यंत टिकली. एक कप तेल, एक कप वार्निश, एक कप टर्पेंटाइन. कप दर वेळी पुसायचा, काठाशी डोळा नेऊन बघायचं, मग ओतायचं. ढवळायचं सावकाश, फेस येता कामा नये. काम झाल्यावर तेलकट चिंधीचा बोळा करून टाकायचा नाही, तो आतल्या आत तापून पेट घेतो. चिंधी दोरीवर पसरून वाळवायची. मिस्त्री बोळा करत. बाई तो उलगडत. एवढ्यावर त्यांची आयुष्यभर भांडणं चालली, आणि दुसऱ्या कशावर चालावीत असं दोघांनाही कधी वाटलं नाही.

आणखी एक गोष्ट बाईंची होती. बरणीतलं मिश्रण वापरून खाली गेलं की वर रिकामी जागा होते, जागेत हवा येते, आणि हवेने त्यावर साय धरते. साईखालचंही मग हळूहळू घट्ट होऊन बसतं. म्हणून बाई बरणीत गोट्या सोडत. काचेच्या, खेळायच्या. एकेक गोटी टुपकन आत जाई आणि मिश्रण पुन्हा काठाशी येई. झाकण लावलं की हवेला बसायला जागाच नाही.

वास मात्र त्यांना मुळीच आवडायचा नाही. हात तीन-तीनदा साबणाने धुवायच्या, वर लिंबाची फोड चोळायच्या. जायचा नाही. लग्नाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून त्यांच्या हाताला, पदराला, केसांच्या कडेला जवसाचा आणि टर्पेंटाइनचा तो वास कायमचा राहायला आला. मिस्त्रींना तो कधी आला नाही. स्वतःच्या घराचा वास कुणाला येतो?

शेवटची बरणी घड्याळजींच्या कपाटासाठी झाली होती. घड्याळजी म्हणजे समोरचे घड्याळदुरुस्तीवाले, मिस्त्रींचे जुने मित्र. दुसऱ्यांची घड्याळं वेळेवर आणण्यात यांची स्वतःची वेळ कायम चुकलेली. कपाट झालं आणि बरणीत निम्म्याहून जास्त मिश्रण उरलं. बाईंना तेव्हा पोटाचं दुखणं लागलेलं होतं आणि दोन दिवसांनी दवाखान्यात जायचं होतं. त्यांनी बसल्या बसल्या बरणीत गोट्या सोडल्या, काठापर्यंत, झाकण घट्ट लावलं, आणि कागदाची चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीवर लिहिलं, ‘घरचं टेबल’.

दवाखान्यात पाचव्या दिवशी त्यांनी विषय काढला. मिस्त्री म्हणाले, तू घरी ये, तुझ्यासमोर लावतो.

“माझ्यासमोर कशाला?” बाई म्हणाल्या. “मला वास नाही आवडत. मी यायच्या आधी लावून टाका.”

मिस्त्रींनी शब्द दिला. त्यानंतर बाई घरी आल्या नाहीत. म्हणजे हिशेबाने बघितलं तर लावायची मुदत अजून संपलेलीच नव्हती. पण असले हिशेब माणसाला फार दिवस पुरत नाहीत.

चार-आठ दिवसांनी माणसं पांगली, लेक रजा संपवून गेली, आणि एका सकाळी मिस्त्रींना जाणवलं की घराचा वास गेला आहे. चाळीस वर्षं जो आलाच नव्हता, तो आता येत नाही हे कळलं. त्यांनी उशी हुंगली. साडी हुंगली, ती धुतलेली होती. साबण शेवटी जिंकला होता. मग ते कामाच्या खोलीत गेले, फळीवरून बरणी काढली आणि झाकण उघडलं.

ती तिथे होती.

झाकण लगेच लावावं, एवढं भान मिस्त्रींना होतं. त्यांनी लांब दांड्याच्या चमच्याने वरची एक गोटी काढली, झाकण घट्ट फिरवलं, आणि गोटी सदऱ्याच्या खिशात टाकली. दिवसभर वास छातीशी राहिला. रंधा मारताना येत होता, बसल्यावर येत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गोटी वाळली, गुळगुळीत आणि मुकी झाली. पातळ थर एका रात्रीत वाळतो. मापात असला तर वाळतोच. मिस्त्रींनी ती गोटी खणात ठेवली आणि बरणीतून दुसरी काढली.

तिसऱ्या दिवशी तिसरी.

आता, गोटी काढली की तेवढी जागा रिकामी होते आणि तेवढी हवा आत जाते, हे मिस्त्रींना कुणी सांगायला हवं होतं असं नाही. गिऱ्हाईक घट्ट झालेला डबा घेऊन आलं की मिस्त्री त्याला उभ्या उभ्या सुनावत. झाकण उघडं ठेवलंत ना? आता याचे लाडू वळा. आणि हाच माणूस रोज सकाळी तोंड धुतल्यावर बरणी उघडत होता. फार तर असं म्हणता येईल, की गिऱ्हाइकं बेफिकिरीने उघडं ठेवत आणि हे प्रेमाने. पण वार्निशला त्यातला फरक कळत नाही.

विसाव्या दिवशी साय दिसली. मिस्त्रींनी ती चमच्याने बाजूला सारली आणि दुर्लक्ष केलं. तिसाव्याला गोटी बाहेर येताना मधासारखी तार घेऊन आली. हवा गार आहे, असं मिस्त्रींनी स्वतःला समजावलं. हवा उकाड्याची होती.

सदऱ्यांच्या खिशांवर पिवळे गोल डाग पडले. घड्याळजींनी ते बघितले आणि विचारलं, की मिस्त्री, हल्ली खिशात अंडी ठेवतोस काय? मिस्त्री म्हणाले, घड्याळवाल्याने काट्यांत लक्ष घालावं. घड्याळजींनी काट्यांत लक्ष घातलं. पण जाताना उंबऱ्यात थांबून ते हळूच म्हणाले, “माझं कपाट उघडलं की अजून वास येतो. कधी वाटलं तर येऊन बस.”

मिस्त्री गेले नाहीत. दुसऱ्याच्या कपाटात बायकोला भेटायला जाणं त्यांना बरं वाटेना.

लेकीचा फोन आला, की रविवारी येते. मग जरा थांबून म्हणाली, आईने मला शेवटी टेबलाचंच सांगितलं होतं. बाबा लावायचे नाहीत, तू मागे लाग, म्हणाली होती. तर या रविवारी आपण लावू. बरणी आहे ना?

“आहे,” मिस्त्री म्हणाले.

“मी आले की मग उघडू.”

“हो,” मिस्त्री म्हणाले. “तू आलीस की उघडू.”

शनिवारी त्यांनी टेबल घासायला घेतलं. वर हात मारण्याआधी लाकूड घासून साफ करावं लागतं. जुने डाग, ओरखडे तसेच राहिले तर तेल त्यांना झाकत नाही, उलट उठाव देतं. दाराकडच्या टोकापासून सुरुवात केली. आधी जाड पॉलिशपेपर, मग बारीक. पाहुण्यांच्या जागा गेल्या. लेकीची जागा आली. तिथे तिने कंपासच्या टोकाने स्वतःचं नाव कोरलं होतं आणि त्याबद्दल मारही खाल्ला होता. ती अक्षरं मिस्त्रींनी जरा सावकाश घासली. स्वतःची जागा तर दोन हातांत साफ झाली, तिथे काही नव्हतंच. आणि मग ते चुलीकडच्या टोकाला आले, बाईंच्या जागी.

तिथे चहाच्या कपाची वर्तुळं होती. एकात एक, एकावर एक, बावीस वर्षांची. सगळ्या गावाला पेला जपायला सांगणारी बाई स्वतः कप बिनदिक्कत ठेवत आली होती. शेजारी सुरीच्या बारीक रेघा होत्या आणि कोपर टेकून टेकून गुळगुळीत झालेला तळहाताएवढा खळगा.

मिस्त्रींनी पॉलिशपेपर टेकवला. उचलला. हात दुखायला लागला आहे, असं त्यांच्या लक्षात आलं. उद्या बघू म्हणून त्यांनी हात धुतले.

रविवारी लेक आली ती थेट कामाच्या खोलीत. फळीवरून बरणी उतरवली, चिठ्ठीवरचं आईचं अक्षर वाचलं, चष्मा पुसला. मग झाकण उघडलं आणि बरणी आडवी केली.

आतलं आडवं झालं नाही.

तिने बरणी उजेडाकडे धरली. वर जाड, सुरकुतलेली साय, तिच्याखाली घट्ट तपकिरी गर, आणि तळाशी चार गोट्या.

“बाबा, हे भरून ठेवलं होतं ना आईने? गोट्या कुठे गेल्या?”

मिस्त्रींचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. लेक त्याच घरात वाढलेली. तिची नजर त्या खिशावर गेली, तिथून खणाकडे. तिने खण ओढला. बावन्न गोट्या ओळीत मांडलेल्या होत्या, तारखेवार, आणि खणाच्या तळाला पक्क्या चिकटल्या होत्या. सुरुवातीच्या पारदर्शक, पुढे पुढे पिवळट, शेवटच्या तर गुळाच्या खड्यासारख्या.

“या माझ्या गोट्या आहेत,” लेक म्हणाली. “मी शेजारच्यांशी भांडले होते यांच्यावरून. आई म्हणाली, हरवल्या.”

“तिला लागत होत्या.”

“आणि तुम्हाला?”

मिस्त्रींनी खिडकीबाहेर बघितलं. “मी तपासत होतो. खराब होतंय का ते.”

“रोज?”

“रोज बघितल्याशिवाय कळणार कसं?”

लेक हसायला गेली आणि ते जमलं नाही. तिने एक गोटी ओढून बघितली, ती निघेना. तिने नखाने तिच्यावर टकटक केलं, वाकून हुंगलं आणि खण लावला. ओरडली नाही. कचेरीतल्या चार माणसांना ती त्या दिवशी ओळखू आली नसती.

पुढचा तासभर मिस्त्रींनी जे केलं ते त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नसतं. गरम पाण्याच्या पातेल्यात बरणी बसवली. टर्पेंटाइन घालून ढवळलं. एकदा घट्ट झालेलं पुन्हा पातळ होत नाही, हे त्यांचंच वाक्य होतं, आणि लेक ते लहानपणापासून ऐकत आली होती; पण ती बाजूला उभी राहून पातेलं धरत राहिली. शेवटी त्यांनी साय कापून काढली, गर बाजूला लोटला. तळाशी, त्या चार गोट्यांच्या मध्ये, हवा पोचली नव्हती. तिथे अजून पातळ होतं. जुन्या बनियनच्या तुकड्यातून गाळून ते कान तुटलेल्या कपात आलं, तेव्हा कपाचा तळ जेमतेम झाकला. दोन चमचे. फार तर सव्वादोन.

लेकीने फळीकडे बघितलं. तेलाचा डबा, वार्निश, टर्पेंटाइन, सगळं जागच्या जागी होतं. ती म्हणाली, मला माप माहीत आहे, आपण नवीन करू, टेबल आजच्या आज होईल.

“ते बाकीच्या टेबलासाठी उद्या करू,” मिस्त्री म्हणाले. “हे तिच्या जागेपुरतं होईल.”

ते चुलीकडच्या टोकाला जाऊन बसले. लेक पॉलिशपेपर घेऊन आली आणि विचारलं, हे घासायचं राहिलंय ना?

“राहू दे.”

“बाबा, डाग उठतील.”

“उठू देत.”

चाळीस वर्षांच्या कामात न घासलेल्या लाकडावर मिस्त्रींनी हात मारल्याचा हा पहिला आणि एकमेव प्रसंग. बनियनचा तुकडा कपात बुडवला आणि लाकडाच्या रेषेच्या दिशेने सावकाश फिरवला. बावीस वर्षांचं तहानलेलं लाकूड. ते नुसतं पीत गेलं. आणि पिता पिता बोलायला लागलं. सुरीच्या रेघा काळ्या झाल्या. कपाची वर्तुळं एकेक करून वर आली, अगदी फिकी, विसरलेलीसुद्धा, जणू आत्ताच कुणीतरी कप उचलून आत गेलंय. वास खोलीभर झाला. लेकीने तोंड फिरवलं आणि खिडकी उघडायला गेली. मग उघडली नाही.

चिंधीचा मिस्त्रींनी सवयीने बोळा केला होता. त्यांनी तो बघितला, उलगडला आणि अंगणातल्या दोरीवर नीट पसरून वाळत घातला.

पहिला हात लाकूड पितं, दुसऱ्यात ओळख दाखवतं आणि तिसऱ्यात उजळतं, असं ते गिऱ्हाइकांना सांगत. इथे पहिलाच होता आणि तोच शेवटचा. दुपारी जेवण ताट मांडीवर घेऊन झालं. नंतर लेक भांडी आवरून आली, तर मिस्त्री बाईंच्या जागेसमोर वाकलेले, नाक लाकडापासून वीतभरावर, डोळे मिटलेले.

“काय करताय?”

“वाळलंय का बघतोय.”

“वाळलं?”

“नाही अजून.” ते तसेच राहिले. “सकाळपर्यंत वाळेल.”

सकाळपर्यंत वाळलं की वास जातो, हे दोघांनाही माहीत होतं. लेकीने खुर्ची ओढली आणि त्यांच्याशेजारी बसली. मग मिस्त्रींनी विचारलं, हेडमास्तरांच्या खुर्चीची गोष्ट तुला माहीत आहे का? लेकीला ती पाठ होती. ती म्हणाली, नाही, सांगा. मिस्त्रींनी सगळी सांगितली, साहेब आले तिथपर्यंत, खुर्ची उठली तिथपर्यंत. आठ दिवस वाळली नव्हती, म्हणाले. माझं माप होतं ते. आठ दिवस ओली.

“मी केलं असतं ना हे,” ते म्हणाले, “तर महिनाभर वाळलं नसतं.”

पण माप बाईंचं होतं. सकाळी मिस्त्रींनी बाईंच्या जागेवर तळहात टेकवला, तेव्हा ती कोरडी झाली होती.